लाकडी दारांचा टीव्ही

कृष्णकांतनं छातीशी धरून आणलेला टीव्ही बुवांच्या पायाशी ठेवलेल्या उंच स्टुलावर टेकवला आणि टेकवताना कॉटला धक्का लागला. बुवांनी डोळे उघडले नाहीत. गळ्यावर बांधलेली जाळीची पट्टी तेवढी आत गेली, बाहेर आली.

"हळू गा, किस्ना," बुवांची बायको प्रयागबाई म्हणाल्या. "माणूस हाये तिथं."

"चुकलं, काकी."

त्यांची सून रुख्मिणी दारात वायरचं भेंडोळं धरून उभी होती. तिनं पुढं होऊन टीव्हीवरची शाल काढली. बुवांना कुठल्याशा कीर्तनात मिळालेली जुनी शाल होती. रुख्मिणीचा नवरा मधुकर गेल्यापासून ती टीव्हीवरच होती. आतून तपकिरी लाकडाचं खोकं निघालं. काचेपुढं दोन बाजूंनी सरकणारी लाकडी दारं होती. मधुकरनं एशियाडच्या वेळी हा टीव्ही हौसेनं घरात आणला, तेव्हा बुवा म्हणाले होते, या घरात एक बोलणारा पुरे आहे. मग वर्षाच्या आत टीव्हीचा आवाज गेला, आणि काविळीनं मधुकर गेला. टीव्ही दुरुस्त करायचं कोणाच्या मनात आलं नाही.

कृष्णकांत मधुकरचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि अलीकडं त्यानं लग्नांच्या शूटिंगसाठी व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. त्यानं दारं सरकवली, मागचं झाकण काढून आत फुंकर मारली.

"कॅमेरा देवळात राहील," तो रुख्मिणीला सांगू लागला. "त्याची वायर फोडून दोन ठिकाणी देतो. कलर टीव्ही बाहेर मांडवात, ज्यायले आत जागा नाही त्यायच्यासाठी. अन् दुसरा हा. पण वैनी, याच्यात आवाज नाही येणार. आवाजाचं सामान जळलं हाये, अन् आता ते मिळत नाही. फक्त चित्र."

प्रयागबाई कॉटच्या कडेला बसून बुवांचे पाय चेपत होत्या. त्या म्हणाल्या, "बरी जोडी जमली. त्याचाही आवाज गेला, यायचाही गेला. बसा म्हणा दोघं एकमेकाचं तोंड पाहत."

कृष्णकांतला हसावं की नाही ते कळेना. रुख्मिणी म्हणाली, "आवाज भिंतीतून येईल."

ते खरं होतं. गांधीबागेच्या मागच्या त्या गल्लीत मुरलीधराचं देऊळ आणि बुवांचं घर यांच्यात एकच भिंत होती. देवळात टाळ वाजला की इकडं फडताळातली भांडी किणकिणत.

देवराव बुवा दिवसा कापडाच्या दुकानात गज धरून कापड मोजत आणि उत्सवात या देवळाच्या गादीवर उभे राहत. त्यांच्या आवाजाला लाऊडस्पीकर लागला नाही. पहिल्या नमनाला गल्लीच्या तोंडाशी पानठेल्यावर उभी असलेली माणसं विडा तोंडात घालायची थांबत. त्या गळ्यात गाठ आली. धंतोलीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटीच काढावी लागेल. काढली. आता गळ्याला भोक होतं, नाकात नळी होती आणि नळीतून दूध, वरणाचं पाणी. मागच्या खेपेला डॉक्टरांनी नुसतं तपासलं. औषधाची चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. बुवांच्या उशाशी एक चमचा असे. काही हवं असलं की ते तो कॉटच्या लोखंडी दांडीवर वाजवीत. एकदा वाजवला की हो. नको असलं की वाजवीतच राहत.

कार्तिकात देवळाचा कारभार पाहणारे बापूजी आले होते. कॉटजवळ खुर्ची ओढून म्हणाले, "बुवा, मार्गशीर्षाचा उत्सव आला. गादी रिकामी कशी ठेवायची? बाहेरून कोणी आणला तर तुमच्या घराण्याचा मान गेला. सूनबाईनं इतके दिस तुमच्या मागं पेटी धरली. पूर्वरंग, आख्यानं, सारं तोंडपाठ हाये तिले. तिलेच उभी करावं म्हणतो."

बुवांनी चमचा उचलला आणि दांडीवर मारायला सुरुवात केली. मारत राहिले. बापूजी उठून दारापर्यंत गेले तरी थांबले नाहीत. शेवटी प्रयागबाईंनी त्यांच्या मुठीतून चमचा काढून घेतला. तेव्हापासून रुख्मिणी नळीतून दूध घालायला आली की बुवा डोळे मिटून घेत. दूध संपेपर्यंत मिटलेले असत.

का, ते तिला कळत होतं. बुवांनीच गावोगाव सांगितलं होतं, गादीवर उभा असेल तो नारद. मग तो आपला पोरगा असो की आपल्या घरचा गडी. पूर्वरंग संपला की आधी त्याला बुक्का लावायचा, त्याच्या पाया पडायचं, आणि मगच आख्यानाला बसायचं. हे नुसतं सांगितलं नव्हतं. मधुकर मिसरूड फुटायच्या आत पहिल्यांदा गादीवर उभा राहिला, तेव्हा सगळ्यांच्या आधी बुवा उठले होते आणि पोराच्या पायावर डोकं ठेवून आले होते. लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. बुवांपुरतं कीर्तन नुसतं ऐकणं असं काही नव्हतंच. ऐकायला बसायचं म्हणजे नमस्कार आलाच. आणि रुख्मिणीचं कपाळ मधुकर गेल्यापासून मोकळं होतं.

खुर्चीत बसवून देवळात नेतो, असं कृष्णकांत म्हणाला होता. बुवा चमचा वाजवीतच राहिले होते. मग हे टीव्हीचं रुख्मिणीच्या मनात आलं.

"अन् यायनं पाहलंच नाही तर?" वायर खिडकीतून बाहेर काढताना कृष्णकांतनं हळू विचारलं.

"नाही पाहलं तर नाही पाहलं. आपण दार उघडं ठेवायचं."

तिन्हीसांजेला ती पांढरी काठाची साडी नेसून, कमरेला उपरणं बांधून आत आली. तिच्या हातात बुवांच्या शिसवी चिपळ्या होत्या आणि वाटीत बुक्का. वाटी तिनं त्यांच्या उशाशी ठेवली. श्रोत्यांत बसलेल्या प्रत्येकापुढं बुक्का फिरवायचा असतो, म्हणून.

"मामाजी, निघते."

पट्टी आत गेली, बाहेर आली. तिनं पांघरुणावरूनच पायांना हात लावायला वाकून हात पुढं केला. पांघरुणाखाली पाय आखडले. थंडी होती. थंडीनंही आखडले असतील. ती तशीच मागं सरली.

प्रयागबाई दाराशी होत्या. त्यांनी पाहिलं होतं.

"जाय तू," त्या म्हणाल्या. "मी हाये यायच्याजवळ. अन् आवाज दाबून नको ठेवू वं. घसा देवानं दिला हाये, सासऱ्यानं नाही."

देवळात उभं राहायला जागा नव्हती. कृष्णकांतनं तिवईवर कॅमेरा लावून ठेवला होता. रुख्मिणी गादीवर आली तसा तो तिला म्हणाला, "वैनी, गादीवरच राहा. नखापासून डोक्यापर्यंत चित्रात बरोबर बसवल्या हायेत. इकडं तिकडं सरकल्या तर मांडवातल्या लोकायले नुसती साडी दिसंल."

पुढं बसलेल्या बाया हसल्या. त्या हसण्यानं तिचा घसा मोकळा झाला. तिनं चिपळ्या वाजवल्या आणि नमन उचललं.

नामस्मरणाचा महिमा तिनं सांगितला, बुवा सांगत त्याच क्रमानं, आणि दाखले मात्र आपले दिले. विणताना चुकलेल्या बाईला मागं येऊन चुकलेला टाका शोधावा लागतो, तसं देवाकडं परत जावं लागतं, असं ती म्हणाली तेव्हा मागं कोणीतरी मोठ्यानं हुंकार दिला. पूर्वरंग संपला. तबलजीनं ठेका धरला, लोक नामाच्या गजरात लागले आणि बुक्का लावायला एकेक जण उठू लागला.

"समोरून नका येऊ, बाजूनं या," कृष्णकांत हात करून सांगत होता. "मांडवात दिसलं पाहिजे."

माणसं बाजूनं येत, तिच्या कपाळाला बुक्क्याचं बोट टेकवत आणि वाकून पायाला हात लावत. बापूजी आले. दुकानातले बुवांचे जुने सोबती आले. मग गर्दीतून वाट काढत प्रयागबाई आल्या. रुख्मिणी मागं सरायला गेली.

"हलू नको," प्रयागबाई दातातल्या दातात म्हणाल्या. "मी सुनेच्या पाया नाही पडून राहिली." त्यांनी बुक्का लावला आणि गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, तिच्या पायावर कपाळ टेकवलं.

उठताना रुख्मिणीनं त्यांना हात दिला. तेवढ्यात तिनं डोळ्यांनीच विचारलं.

"डोळे मिटलेच हायेत," प्रयागबाई म्हणाल्या. त्यांना परत जायचं होतं, पण तोवर आख्यानासाठी माणसं खेटून बसली होती. त्या खांबाला टेकून तिथंच बसल्या.

तिनं गजेंद्राचं आख्यान लावलं. सरोवरात नक्रानं पाय धरलेला हत्ती, काठावर उभं राहून एकेक करून निघून जाणारे त्याचे गणगोत, पाण्यात उतरत चाललेलं त्याचं बळ. लोक हलायचे थांबले. शेवटी गजेंद्राचं अंग बुडालं, तोंड बुडालं, सोंडेचं टोक तेवढं वर राहिलं आणि त्या टोकात तळ्यातलं एक कमळ. इथं बुवा एक वाक्य म्हणत. त्यांचं स्वतःचं होतं ते, कोणाकडून घेतलेलं नव्हतं. ते वाक्य म्हणायचं नाही असं रुख्मिणीनं ठरवलं होतं. पण तिथं आल्यावर तिला दुसरं काही सुचलं नाही, आणि ते तिच्या तोंडून निघालं.

"मंडळी, आवाज संपतो तिथून हाक सुरू होते."

भिंतीच्या या बाजूला डोळे पुसले जात होते. ती भिंतीकडं पाहत होती.

आरती झाली. निरांजनाचं ताट घेऊन ती मागच्या दारानं घरात आली. बुवांना आरती द्यायची होती. पाठोपाठ प्रयागबाई होत्या.

खोलीत अंधार होता. टीव्हीची काच काळी होती. निरांजन वर धरलं तेव्हा कॉट रिकामी दिसली. मग खाली, कॉट आणि स्टूल यांच्या मधल्या फरशीवर, पालथे पडलेले बुवा दिसले. एक हात स्टुलाच्या पायाशी पोचला होता. नळी निघून गालावर आली होती. बुक्क्याची वाटी उपडी झाली होती. चादरीवर, फरशीवर, बुवांच्या बोटांवर काळं सांडलं होतं.

कृष्णकांत धावत आला. त्यानं त्यांना उताणं केलं. कोणीतरी रिक्षा आणायला पळालं, धंतोली, धंतोली असं बाहेर ओरडणं झालं. रुख्मिणीनं गळ्यावरच्या पट्टीवर हात ठेवला. पट्टी आत गेली नाही. रिक्षावाल्याला दारातूनच परत पाठवलं.

प्रयागबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. त्या काळ्या काचेकडं पाहत राहिल्या.

"बंद कराले उठले असतील," त्या म्हणाल्या. "पाहवलं नाही." आणि पुढं होऊन त्यांनी टीव्हीची दोन्ही लाकडी दारं ओढून लावली. इतक्या जोरानं, की एक दार खाचेतून निसटलं आणि पुन्हा बसवावं लागलं.

गल्लीत दोन्ही बोललं गेलं. कोणी म्हणालं, भाग्याचा माणूस, नाम कानावर असताना गेला. कोणी म्हणालं, सून गादीवर पाहून छाती फुटली. दुसरं बोलणं रुख्मिणीसमोर कोणी केलं नाही, पण पाणी भरायला नळावर गेली की बोलता बोलता बाया गप्प होत. तिला त्यांचा राग येत नव्हता. तिलाही दुसरं काही वाटत नव्हतं. बुवांच्या गळ्यातून काढून घेतलेलं वाक्य तिनं भरल्या देवळात वापरलं. ते भिंतीतून त्यांच्या कानावर गेलं, आणि जो माणूस कूससुद्धा बदलू शकत नव्हता तो उठला. एवढं चिडायचं बळ त्यांना कुठून आलं असेल, याचा ती भांडी घासताना विचार करी, आणि हातातलं भांडं तसंच राही.

तेरवी झाली. बापूजी आले. खुर्ची रिकाम्या कॉटजवळ नेऊन पुन्हा दुसरीकडं ठेवली.

"सूनबाई, एकादशीले तुमचं कीर्तन सांगून राहिलो लोकायले."

"पेटी धरीन मी, बापूजी. ज्या कोणाले आणाल त्याच्या मागं धरीन. गादी नको."

"काहून?"

प्रयागबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पाहा एक डाव विचार करून," बापूजी म्हणाले. "सायंकाळी येतो मी."

ते गेल्यावर तिनं चिपळ्या धुतल्या, पुसल्या, एका फडक्यात बांधल्या आणि बापूजी आले की हाताशी असाव्यात म्हणून दाराजवळच्या कोनाड्यात ठेवल्या. गाठ दोनदा मारली.

दुपारी कृष्णकांत आला. प्रयागबाईंनीच बोलावलं होतं.

"तो डबा घेऊन जाय गा, किस्ना," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "विक, फोड, काहीही कर. मले घरात नको."

"विकत कोण घेते, काकी. सुटं सामान काढीन."

"तेच कर. माणसाचंही तेच करतात दवाखान्यात."

त्या खोलीची खिडकी अजून लावलेलीच होती. कृष्णकांतनं स्टुलामागं वाकून पाहिलं. भिंतीतल्या सॉकेटमधून पिन निघून खाली लोंबत होती. वायरचा एक वेढा स्टुलाच्या पायाभोवती अडकला होता.

"पडताना ओढल्या गेली दिसते," तो म्हणाला. त्यानं वेढा सोडवला. "थांबा, नेण्याआधी पाहून घेतो, चित्राची नळी जिवंत हाये का."

त्यानं पिन सॉकेटात खोचली आणि बटणाकडं हात नेला. हात बटणापर्यंत पोचायच्या आधीच लाकडी दारांच्या आत गुणगुण सुरू झाली.

कृष्णकांतचा हात तसाच राहिला.

"वैनी, हा चालूच हाये," तो म्हणाला. "बटण कोणी बंद केलंच नाही."

रुख्मिणी दाराजवळ होती. ती आत आली. तिनंच दोन्ही दारं बाजूला सरकवली. काच आधी करडी होती, मग तापत तापत उजळली. चित्र नव्हतं. चित्र पाठवणारं पलीकडं कोणी नव्हतं. नुसत्या पांढऱ्या मुंग्या सळसळत होत्या आणि त्यांचा उजेड अंधाऱ्या खोलीत कॉटवर, भिंतीवर पडला.

त्या उजेडात काचेवर काळं दिसलं.

"धूळ धरली," असं म्हणून कृष्णकांतनं खिशातून फडकं काढलं.

"हात नका लावू."

ती इतक्या हळू म्हणाली, की त्यानं वळून तिच्याकडं पाहिलं, मग पुन्हा काचेकडं. खाली, काचेच्या तळाशी, बोटांच्या काळ्या रेघा होत्या, वरून खाली ओढल्या गेलेल्या, शेवटी पुसट झालेल्या. आणि वर, मध्यभागी, एका बोटाचा गोल ठिपका. दाबून लावलेला. दुसरीकडं कुठंही काही नव्हतं.

कृष्णकांतचा हात आपोआप वर गेला. ठिपक्यापासून वीतभर अलीकडं थांबला.

"कॅमेरा मी लावला होता," तो म्हणाला. "तुमचं डोकं... इथं येत होतं, वैनी."

खाली पाय कुठं येत होते, ते त्यानं सांगितलं नाही.

रुख्मिणी कॉटच्या कडेला बसली. बुवांचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं; लोखंडी दांडीवर चमच्यानं पडलेले चरे होते. बुक्का लावायचा तो पूर्वरंग संपल्यावर. लोक बाजूनं येत होते, प्रयागबाई कण्हत वाकल्या होत्या, त्या वेळेला. आख्यानाला तेव्हा सुरुवातही झालेली नव्हती. गजेंद्र अजून पाण्यात उतरला नव्हता. म्हणजे ती भिंतीकडं पाहून ते वाक्य म्हणाली, तेव्हा भिंतीपलीकडं ते फरशीवर पडून होते. ऐकू येत होतं की नव्हतं, कोण जाणे. तिनं पदर तोंडाशी धरला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला.

टीव्ही गुणगुणत होता. कृष्णकांत फडक्याची घडी घालत होता, उलगडत होता.

स्वयंपाकघरात तांदळाच्या सुपाचा आवाज थांबला.

"चित्र येऊन राहिलं का गा, किस्ना?" प्रयागबाईंनी विचारलं.

कृष्णकांतनं रुख्मिणीकडं पाहिलं.

"येऊन राहिलं, आत्याबाई," रुख्मिणी म्हणाली. "सूप ठेवा खाली. हात पुसून इकडं या."